लेकीचं बाळंतपण आयर्लंडमध्ये: बडोद्याहून निघणाऱ्या आईसाठी

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या मराठी घरांतून परदेशी गेलेल्या मुलांमध्ये आता आयर्लंडचं नाव वारंवार ऐकू येतं. माझी लेक डब्लिनजवळ लुकनला राहते. तिचं बाळंतपण मी तिथे जाऊन केलं. परत आल्यापासून भजनी मंडळात, लग्नाकार्यात, अगदी खंडेराव मार्केटात भाजी घेतानासुद्धा कुणी ना कुणी आई मला गाठते आणि पहिला प्रश्न विचारते, "काय काय न्यायचं?" सामानाचं सांगणारच आहे. पण आपण तिकडे नेमकं कशासाठी चाललोय, हे आधी मनाशी पक्कं करायला हवं.

आयर्लंडमध्ये बाळाकडे बघायला सरकारी व्यवस्था आहे आणि ती चांगली आहे. गरोदरपणातल्या तपासण्या जीपी, म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर, आणि हॉस्पिटल मिळून करतात. तिथे रीतसर राहणाऱ्या बाईला या सरकारी सोयीचे पैसे पडत नाहीत. बाळ घरी आलं की साधारण तीन दिवसांच्या आत पब्लिक हेल्थ नर्स दारात येते. बाळाचं वजन, कानांची तपासणी, टाचेतून रक्त घेऊन करायची चाचणी, लसी, सगळं वेळच्या वेळी होतं. पण बाळंतिणीच्या पुढ्यात गरम ताट कोण ठेवणार, ती दुपारी दोन तास झोपणार कशी, पहाटे दूध पाजून झाल्यावर तिच्या हातात काहीतरी गरम प्यायला कोण देणार, यासाठी कुठलंही सरकारी खातं नाही. ते काम आपलं. बाळाचं तंत्र तिथलं आणि आईचं ताट आपलं, अशी वाटणी मनात केली की नर्सशी वाद होत नाहीत आणि दोघींच्या मध्ये लेकीची ओढाताण होत नाही.

नव्वद दिवस कुठले?

आयर्लंडचा व्हिसा वेगळा असतो, शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. आईवडिलांना मिळतो तो भेटीचा व्हिसा, त्यावर एका खेपेला जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. तिथे गेल्यावर मुदत वाढवून घेऊ, असं धरून निघू नका. त्यामुळे हे ९० दिवस कुठले घ्यायचे हाच सगळ्यात मोठा निर्णय आहे, आणि तिकीट काढण्याआधी लेक, जावई आणि वेवाण (विहीणबाई) यांच्याशी बोलूनच तो घ्यावा.

डॉक्टरांनी दिलेली तारीख दोन आठवडे इकडे-तिकडे होऊ शकते. माझं मत असं, की तारखेच्या दहा-बारा दिवस आधी पोहोचावं. महिनाभर आधी गेलात तर तुमचे मोलाचे दिवस नुसते वाट बघण्यात जातात. त्या दहा दिवसांत घराची ओळख होते, शेगडी समजते, दुकानं कळतात आणि तूप कढवून होतं.

आता जावयांच्या रजेचं बघा. बाळ झालं की वडिलांना २ आठवड्यांची पॅटर्निटी लीव्ह मिळते, ती पहिल्या सहा महिन्यांत कधीही घेता येते. शिवाय आई आणि वडील दोघांनाही प्रत्येकी ९ आठवड्यांची पेरेंट्स लीव्ह आहे, ती बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत वापरता येते. लेकीची मॅटर्निटी लीव्ह २६ आठवड्यांची, त्यातले निदान दोन आठवडे बाळंतपणाच्या आधी घ्यावे लागतात. त्यापुढे बिनपगारी १६ आठवडे घेता येतात. पुष्कळ घरांत जावई आणि आजी एकाच वेळी हजर असतात, मग जावई कामावर जातात, आजी विमानात बसते आणि लेक एका दिवसात एकटी पडते. म्हणून पहिले दोन आठवडे जावयांनी जरूर घ्यावेत, हॉस्पिटलच्या धावपळीला ते हवेतच. पेरेंट्स लीव्ह मात्र आपण परत निघू त्या आठवड्यापासून सुरू व्हावी. जावयांची आईही येणार असेल तर एकीनंतर दुसरीनं यावं. माझे जावई गुजराती. वेवाणबेननी आणि मी हे आधीच ठरवलं होतं, त्यामुळे लेकीला सहा महिने घरात कुणी ना कुणी मोठं माणूस होतं.

कागद

अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याचा सारांश छापून सही करायची आणि कागदांसह व्हिसा केंद्रात द्यायचा. प्रवासाच्या तारखेआधी ३ महिने अर्ज करता येतो. तो पहिल्याच आठवड्यात करा, निकालाला वेळ लागू शकतो.

आपल्याकडे खरी अडचण येते ती नात्याच्या पुराव्याची. लेकीच्या जन्माचा जुना दाखला बहुधा गुजरातीत असतो, कित्येकदा त्यात बाळाचं नावच नसतं, नुसतं आईबापाचं नाव आणि तारीख. लेक गरोदर असल्याचं कळलं त्याच महिन्यात तो दाखला कपाटातून काढून बघा. नाव नसेल तर महानगरपालिकेत अर्ज करून ते चढवून घ्या, मग इंग्रजी भाषांतर करून नोटरी करा. लग्नानंतर लेकीचं आडनाव बदललं असेल तर लग्नाचा दाखलाही जोडा, नाहीतर दोन कागदांवर दोन वेगळ्या बायका दिसतात.

बाकीची फाइल अशी लावावी: लेकीचं निमंत्रणपत्र, तिच्या पासपोर्टची आणि आयआरपी कार्डाची (तिथल्या राहण्याच्या परवान्याची) प्रत, तिच्या पगाराच्या स्लिपा, तिच्या घराच्या भाड्याचा करार, हॉस्पिटलचं तारखेचं पत्र. आपल्या बाजूनं बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, पेन्शनचा कागद, घराची वेरा (घरपट्टी) पावती. आपण परत येणार हे या कागदांवरून दिसलं पाहिजे. आपलं एक साधं पत्रही जोडावं: मी कोण, कशासाठी चालले, कुठे राहणार, खर्च कोण करणार, परत कधी. याच कागदांचा दुसरा संच विमानात हातातल्या पिशवीत ठेवा, डब्लिनला उतरल्यावर अधिकारी हेच विचारतात.

प्रवासाचा विमा काढताना बीपी, साखर जे काही असेल ते लिहूनच काढा. पाहुण्याला तिथे डॉक्टरांचे पैसे स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात आणि ते भरपूर असतात. रोजच्या गोळ्या पुऱ्या मुदतीच्या घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घ्या. तिचे पैसे पडत नाहीत, आणि मधल्या मोठ्या विमानतळावर गेट शोधत चालण्याचा त्रास वाचतो.

न्यायचं काय आणि ठेवायचं काय

साजूक तूप नेऊ नका. पेढे, बर्फी, श्रीखंड, खवा, काहीही नाही. दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवाशानं सामानात आणायला बंदी आहे आणि आयर्लंड ती पाळतं. तुपातले लाडू करून न्यायचाही मोह टाळा. ताजा कढीपत्ता, विड्याची पानं, आंबे, भाज्या यांनाही रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, म्हणजे आपल्यासाठी ते बंदच.

खसखस तर अजिबात नको. अहमदाबादहून डब्लिनला जाताना पुष्कळदा दुबईत किंवा अबुधाबीत विमान बदलावं लागतं. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, तिथे सामानात ती सापडली तर अटकेपर्यंत पाळी येऊ शकते. डिंकाच्या लाडवांच्या सामानात आपण सवयीनं खसखस बांधतो, म्हणून मुद्दाम सांगते. डब्लिनच्या साध्या सुपरमार्केटमध्ये ती मिळते, तिथेच घ्या.

न्या ते कोरडं सामान: डिंक, खारकेची पूड, सुंठ, भाजलेले आळीव, बाळंतशोपा, ओवा, मेथ्या, जायफळ, वेलदोडे. सगळं पाकीटबंद, नाव छापलेलं. पुरचुंडीत बांधलेली पूड कस्टमवाल्याला समजावून सांगणं अवघड जातं. गूळ, बाजरीचं पीठ, डाळी, सुकं खोबरं डब्लिनच्या भारतीय दुकानांत मिळतं, त्याचं वजन वाहून नेऊ नका.

मांडवीकडच्या गांधीच्या, म्हणजे जडीबुटीवाल्याच्या, दुकानातून बायका बाळंतिणीसाठी काटलुं किंवा बत्रीसुं (औषधी मसाल्यांची पूड) घेतात. वेवाणबेननी तेच हौसेनं बांधून द्यायला काढलं होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, की ज्याच्यावर घटक लिहिलेत तेच पाकीट द्या, म्हणजे तिथल्या फार्मसिस्टला दाखवता येईल. दूध पाजणाऱ्या बाईच्या पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट त्यांना माहीत असलेली बरी. भस्म असलेली कुठलीही औषधं नकोत, त्यांत शिसं, पारा असू शकतो. बाळासाठी घुटी आणि काजळ घरीच ठेवा.

कपड्यांमध्ये मऊ सुती जुन्या साड्या दोन-तीन न्या. त्यांचे लंगोट, दुपटी काही होत नाही आता, पण बारशाला त्या उपयोगी पडतात, ते पुढे सांगते.

आयर्लंडच्या लोण्याचं तूप

ही गोष्ट मला फार आवडली, म्हणून जरा सविस्तर. तिथल्या गाई वर्षातले बरेच महिने बाहेर गवतावर चरतात, त्यामुळे लोणी चांगलं पिवळंधम्मक असतं. दुकानातून बिनमिठाचं लोणी आणा, अर्ध्या पौंडाच्या म्हणजे २२७ ग्रॅमच्या वड्या मिळतात. पाकिटावर 'अनसॉल्टेड' लिहिलंय ना, ते नीट बघा, कारण तिथे रोजच्या खाण्यातलं लोणी खारटच असतं आणि दोन्ही पाकिटं एकाच फळीवर शेजारी असतात.

जाड बुडाच्या पातेल्यात चार वड्या मंद आचेवर ठेवा. आधी पांढरा जाड फेस येतो आणि तडतड ऐकू येते, ते लोण्यातलं पाणी. तडतड थांबत आली की फेस बारीक होतो, आणि चमच्यानं बाजूला सारला तर तळाशी बेरी दिसते. ती फिकट बदामी झाली की लगेच पातेलं उचलून दुसरीकडे ठेवा. तिथल्या विजेच्या शेगडीची तबकडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, पातेलं तिच्यावरच राहिलं तर बेरी काळी पडते आणि तुपाला जळका वास लागतो. सुती कापडातून गाळून बरणीत भरा. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, त्या हिशोबानं चार वड्यांचं पाऊण किलोच्या आत-बाहेर तूप मिळतं. दुसऱ्या दिवशी छान रवाळ थिजलेलं असतं.

कढवताना खिडकी उघडी आणि वरचा पंखा चालू हवा. प्रत्येक घरात धुराचा अलार्म असतो, फोडणीलाही तो वाजतो. याच कारणानं बाळबाळंतिणीला ओव्याची, वावडिंगाची धुरी देता येत नाही. देऊही नये, बाळाच्या फुप्फुसांना कुठलाही धूर वाईटच.

हॉस्पिटलमध्ये

डब्लिनमध्ये बाळंतपणाची तीन मोठी हॉस्पिटलं आहेत: रोटुंडा, कूम आणि होल्स स्ट्रीटचं नॅशनल मॅटर्निटी. त्यांतलं रोटुंडा १७४५ साली बार्थोलोम्यू मॉस नावाच्या डॉक्टरांनी सुरू केलं आणि आजही चालू आहे. साध्या बाळंतपणात फारशी गुंतागुंत नसेल तर सगळं मिडवाइफ, म्हणजे शिकलेल्या सुइणीच, बघतात, डॉक्टर गरजेपुरता येतो. त्याची धास्ती घेऊ नका, त्या बायका अतिशय तयार असतात.

बाळ झाल्यावर आईला चहा आणि लोणी लावलेला टोस्ट देतात. तिथल्या बायका या चहा-टोस्टची आठवण आयुष्यभर प्रेमानं सांगतात. आपल्याला वाटतं, एवढ्या कळा सोसल्यावर हे काय? पण माझ्या लेकीनं तो मिटक्या मारत खाल्ला. तिला खाऊ द्या. आपला डबा दुसऱ्या दिवसापासून. वॉर्डात जेवण गरम करता येईलच असं नाही, म्हणून तोंड मोठं असलेला थर्मास घ्या: मऊ खिचडी, मुगाचं कढण, आळिवाची खीर. भेटायच्या वेळा कडक असतात, तेव्हा डबा जावयांच्या हाती पाठवायची तयारी ठेवा.

साध्या बाळंतपणात दोन-तीन दिवसांत घरी सोडतात, सिझेरियन झालं तर आणखी एक-दोन दिवस. गाडीतून न्यायचं तर बाळासाठी कार सीट आधीच बसवलेली हवी, मांडीवर घेऊन चालत नाही. पट्टे लावताना बाळाच्या अंगात जाड कोट नको, नाहीतर पट्टा सैल बसतो. दुपटं पट्ट्यांच्या वरून घाला.

घरी आल्यावर: नर्स काय सांगते

नर्स येते ती सोबत वजनकाटा घेऊन. बाळाचे सगळे कपडे काढून वजन करते. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंतची घट चालते, साधारण दोन आठवड्यांत ते परत जन्माच्या वजनावर येतं. तिच्यासमोर "दूध पुरत नसेल" हे वाक्य उच्चारू नका. लेकीच्या मनात तेच एक वाक्य रात्रभर फिरत राहतं. दूध पाजताना काही दुखलं, बाळ नीट लागत नसेल, तर तिथे स्तनपानाचे मोफत मदतगट असतात, नर्स पत्ता देते.

झोपवण्याच्या बाबतीत ती जे सांगते ते अक्षरशः पाळा. बाळ पाठीवर झोपलं पाहिजे, पाय पाळण्याच्या पायथ्याशी टेकलेले, गादी सपाट आणि घट्ट, उशी नाही. आपली मोहरीची उशी नाही आणि घोडियुं, म्हणजे कापडी झोळीचा पाळणाही नाही. पहिले सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या पाळण्यात. खोलीचं तापमान १६ ते २० अंश. बडोद्याच्या माणसाला १८ अंशांत हुडहुडी भरते, आपण स्वेटर घालावा, बाळाला गुंडाळू नये. घरात झोपताना टोपडंही घालायचं नाही, कारण बाळ डोक्यावाटे जास्तीची उष्णता टाकतं, आणि अंग फार तापणं हा झोपेतल्या अचानक मृत्यूच्या धोक्यांपैकी एक आहे. हातपाय गार लागले तरी घाबरू नका, मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून बघा. तिथे ऊब असली की झालं.

सहा महिने आईचं दूध किंवा डबाबंद पावडरीचं दूध, बाकी काही नाही. वरचं पाणी, घुटी, साखरपाणी नको. मध तर वर्ष होईपर्यंत चाटणभरही नाही, त्यातल्या जिवाणूंनी तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. ऊन कमी म्हणून आईच्या दुधावरच्या बाळाला पहिलं वर्षभर रोज ५ मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात. ते थेंब रोज ठरल्या वेळी देण्याचं काम आजीनं आपल्याकडे घ्यावं, ते छान जमतं.

मालिशीला कुणी हरकत घेत नाही. हलक्या हातानं करा, हातपाय ओढू नका, नाकाकानात तेल घालू नका. आंघोळीचं पाणी कोपरानं बघून कोमट, आणि आंघोळ रोज हवीच असं नाही.

सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही, हे तिथे जमत नाही. दोन आठवड्यांनी बाळाला जीपीकडे न्यायचं असतं, सहा आठवड्यांनी मायलेकरं दोघांची तपासणी. पावसात-वाऱ्यात लोक तान्ही बाळं प्रॅममध्ये घालून बाहेर काढतात आणि ती ठणठणीत असतात. बाहेर पडताना टोपी, दुपटं सगळं घाला, दुकानात शिरलात की लगेच उतरवा. लेकीला मात्र या जाण्यायेण्यापलीकडे काम सांगू नका. सिझेरियन झालं असेल तर बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही.

लसी २, ४, ६, १२ आणि १३ महिन्यांच्या वयात, जीपीच्या दवाखान्यात. आपण ज्या बीसीजीची वाट बघतो ती तिथे आता सरसकट देत नाहीत. बाळाला घेऊन बडोद्याला यायचं ठरलं की दोन-तीन महिने आधी जीपीला त्याबद्दल विचारून ठेवायला लेकीला सांगा. आपल्याला सर्दी-खोकला असेल तर बाळापासून सरळ लांब राहायचं, पापे नाहीत.

आईचं ताट आणि आईचं मन

सकाळी उठल्याबरोबर कोमट दूध आणि डिंकाचा लाडू. नऊच्या सुमारास आळिवाची खीर किंवा मेथी घालून केलेलं धिरडं. दुपारी बाजरीची भाकरी, वर भरपूर तूप, शेपूची किंवा दुधीची भाजी, लसणीची चटणी, मुगाचं वरण. जेवणानंतर बाळंतशोपा. संध्याकाळी पुन्हा काहीतरी गरम. रात्री मऊ भात. हे सगळं तिच्या हाताशी न्यावं लागतं, कारण बाळ मांडीवर असतं आणि हात एकच मोकळा असतो. म्हणून भाकरी कुस्करून, भाजी कालवून, वाटीत चमच्यानं खाता येईल असं द्या. पाण्याची बाटली ती पाजायला बसते त्या खुर्चीपाशी भरलेली असावी.

लोहाच्या गोळ्या चालू असतील तर वर लगेच चहा किंवा दूध नको, लिंबूपाणी चालतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी लेक कारण नसताना रडते. हे पुष्कळ बायकांना होतं आणि आपोआप ओसरतं. "एवढं गोंडस बाळ मिळालंय आणि रडतेस काय?" असं म्हणू नका. जवळ बसा, बाळ घ्या, तिला आंघोळीला पाठवा. दोन आठवडे उलटले तरी रडणं थांबत नसेल, बाळ झोपल्यावरही तिला झोप लागत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर पब्लिक हेल्थ नर्सला किंवा जीपीला त्याच दिवशी सांगा. स्वतःचं किंवा बाळाचं बरंवाईट करण्याचं ती काही बोलली तर तासभरही थांबू नका, ११२ नंबर लावा. नर्स स्वतःहूनही लेकीला एकटीला मनाबद्दल विचारते, तेव्हा आपण उठून स्वयंपाकघरात जावं. तिथे हा आजार धरतात आणि उपचार करतात, त्यात कुणी नाव ठेवत नाही. आपल्या पिढीतल्या कितीजणी हे गपचूप सोसून मोकळ्या झाल्या, ते मला तिथे बसून नीट कळलं. लेकीच्या वाट्याला ते येऊ नये, हे माझ्या जिवाला सगळ्यात जास्त लागलं होतं.

बारसं, नोंदणी आणि मोठं नातवंड

बारसं घरातच होतं. तिथे वेताच्या टोपलीसारखा मोझेस बास्केट नावाचा पाळणा मिळतो. त्याच्या बाहेरून सुती साडी गुंडाळा, दांडीला फुलं बांधा, पाळणा म्हणा, आणि कार्यक्रम झाला की सगळं सोडून टाका, बाळाच्या झोपेच्या जागी काही लोंबतं ठेवू नका. सोसायटीतल्या आयरिश शेजारणींना बोलवा. आमच्याकडे आल्या, घुगऱ्या खाल्ल्या आणि बाळाच्या कानात नाव सांगताना डोळे पुसत उभ्या राहिल्या.

जन्माची नोंदणी ३ महिन्यांच्या आत करायची असते, ते काम जावयांवर सोपवा. त्यानंतर दरमहा १४० युरो चाइल्ड बेनिफिट सुरू होतो. आईवडील दोघंही परदेशी नागरिक असतील तर बाळाचं नागरिकत्व त्यांच्या तिथल्या राहण्याच्या वर्षांवर ठरतं, केवळ तिथे जन्मलं म्हणून मिळत नाही. भारतीय पासपोर्ट काढायचा असेल तर वर्षाच्या आत डब्लिनच्या भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करावी.

घरात मोठं नातवंड असेल तर त्याच्याकडे आजोबांनी बघावं. शाळेतून त्याला घ्यायला कोण येणार, ते नाव शाळेला आधी कळवावं लागतं, कुणाही माणसाच्या हाती मूल देत नाहीत. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगते: मुलाला मारणं तिथे कायद्यानं गुन्हा आहे, शिस्तीसाठी मारलं ही सबब २०१५ पासून चालत नाही. प्रेमानं घातलेला धपाटासुद्धा नको.

आमच्या ह्यांना तिथे आवडीचं काम मिळालं. पेयांच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पत्र्याचे कॅन सुपरमार्केटातल्या यंत्रात टाकले की लहान बाटलीला १५ आणि मोठीला २५ सेंट अनामत परत मिळते. २०२४ पासून ही पद्धत आहे. प्रॅम घेऊन ते रोज तेवढी चक्कर मारत आणि लेकीला तासभर शांत झोप मिळे.

निघण्याआधी

शेवटच्या पंधरवड्यात आपण हळूहळू हात काढून घ्यायला हवेत. जावयांना वरणाचा कुकर, खिचडी आणि तूप कढवणं शिकवा. स्वतः उभं राहून करून दाखवू नका, त्यांना करू द्या आणि बाजूला बसा. फ्रीझरमध्ये वाटणं, उकडलेली कडधान्यं, थेपले भरून प्रत्येक डब्यावर नाव आणि तारीख लिहा.

लेकीला वाचनालयात घेऊन जा. तिथलं सार्वजनिक वाचनालय फुकट असतं, उशीर झाला तर दंडही नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तान्ह्या मुलांच्या आयांसाठी गाण्या-गोष्टींचा ठरलेला दिवस असतो. चर्चच्या हॉलमध्ये किंवा वस्तीच्या केंद्रातही आया आणि मुलं आठवड्यातून एकदा जमतात, चहा-बिस्किटांपुरते थोडे पैसे असतात. पहिल्यांदा बरोबर जा. दुसऱ्यांदा तिला एकटीला पाठवा. आपण गेल्यावर दुपारी दार वाजवून "चल, फिरून येऊ" म्हणणारी बाई तिला तिथेच भेटेल.

फोनची वेळही ठरवून निघा. हिवाळ्यात आपण त्यांच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतो, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. बाळ त्यांच्या सकाळी दहाला झोपत असेल तर हिवाळ्यात आपले साडेतीन वाजलेले असतात, उन्हाळ्यात अडीच. ती वेळ मोकळी ठेवा, आणि फोन लेकीला करू द्या.